बुधीचा अंगठा

दिवाळी सरली की आमच्या ओट्यावर कोयत्यांना धार लागायची. ओट्याच्या कडेला एक काळा पसरट दगड होता, घासून घासून मधोमध पार खोलगट झालेला. सकाळी तोंड धुवायला बाहेर यावं तर त्या दगडाभोवती चारसहा माणसं उकिडवी बसलेली असत. एकाचा कोयता दगडावर, बाकीच्यांचे मांडीवर, आणि पत्र्याच्या डब्यातलं पाणी चुळकाचुळकाने दगडावर पडत असे. खर्र, खर्र, मग अंगठ्याने धार चाचपायची, परत खर्र. तो आवाज आठवडाभर चालायचा आणि मग एके दिवशी बंद पडायचा. ज्या दिवशी बंद पडायचा त्या दिवशी अर्धं गाव रिकामं झालेलं असायचं. आता मी पिंपळनेरात राहते. धारवाला सायकल घेऊन गल्लीत येतो आणि बायका सुऱ्या-विळे घेऊन बाहेर धावतात तेव्हा मी दार लावून आत बसते. शेजारची सून म्हणते, बाईंना आवाज सहन होत नाही. खरं आहे, होत नाही. पण तिला वाटतं ते माझ्या कानांचं दुखणं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ऊसतोडीचे मुकादम होते. आमच्या गावामागचा घाट उतरला की गुजरात. खाली मैलोन्‌मैल ऊस, आणि वर आमच्याकडे भात-नागली निघाल्यावर उन्हाळ्यापर्यंत हाताला काम नाही. तेव्हा पाड्यावरची माणसं गोळा करून, ट्रकात भरून कारखान्याच्या उसात नेऊन सोडायची आणि होळीनंतर परत आणायची, हे आबांचं काम. आबा माणसं मोजत नसत, कोयते मोजत. एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. एकट्या माणसाला त्या कामात जागाच नव्हती. बायको मेलेला, बायको माहेरी गेलेला, लग्न न झालेला, हे सगळे आबांच्या बोलीत 'अर्धा कोयता', आणि अर्ध्या कोयत्याला ट्रकात कोणी घेत नसे. लहानपणी मला ते फार गमतीचं वाटायचं. माय आणि आबा भांडले की मी म्हणायची, आमचा कोयता मोडला. दोघंही हसायचे आणि भांडण तिथेच मिटायचं.

जाणाऱ्यांची घरं म्हणजे कुडाच्या भिंती आणि दाराला ताटी. कुलूप लावावं असं आत काही नसे. पण कोंबड्या असत, आणि मागे राहिल्या तर कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जात. म्हणून जायच्या दिवशी पाड्यावरच्या बाया आपापल्या कोंबड्या काखेत मारून आमच्या घरी आणत. माय त्या सांभाळायची. पाचसहा महिन्यांत होणारी निम्मी पिल्लं तिची, निम्मी मालकिणीची, असा रिवाजच होता. कोंबड्या ओळखू याव्यात म्हणून माय प्रत्येकीच्या पायाला त्या त्या बाईच्या लुगड्याची नाहीतर पोलक्याची चिंधी बांधायची. कोणाची हिरवी, कोणाची चौकड्याची, कोणाची ठिपक्यांची. हिवाळाभर आमच्या अंगणात सगळ्या पाड्याची लुगडी तुकड्यातुकड्यांनी फिरत असायची. मायला एकही अक्षर येत नव्हतं, पण कोणती चिंधी कोणाची ते ती अंधारातही सांगू शकली असती. होळीनंतर माणसं परत आली की आपली चिंधी बघून कोंबडी उचलत. इतक्या वर्षांत मायने कधी एकीची कोंबडी दुसरीला दिली नाही.

जेठी आणि बुधी ह्या पाड्यावरच्या दोघी बहिणी. बाप लहानपणीच गेलेला, आई दम्याने घरी बसलेली. जेठी थोरली, गुलाब नावाच्या शांत, हाडकुळ्या माणसाला दिलेली. तो घरजावई होऊन त्यांच्यातच राहिला होता. बुधी तिच्याहून आठेक वर्षांनी धाकटी. म्हणजे तेव्हा तेरा-चौदाची असेल, नक्की कोणी मोजलं होतं? मी सोळाची, नुकतीच दहावी पास झालेली, आणि त्याचा तोरा भयंकर होता. बुधी आमच्याकडे गोठा साफ करायला यायची आणि काम झालं की मायच्या हातची कळण्याची भाकर नि लसणाची चटणी घेऊन ओट्यावर बसायची. मी तिच्यापुढे मास्तरीण व्हायची. चुलीतला कोळसा घेऊन त्या धारेच्या दगडावर मी तिला तिचं नाव शिकवलं. दोन अक्षरं शिकायला तिला महिना लागला, कारण अर्धा वेळ ती हसण्यात घालवायची. 'बु'चा उकार ती नेहमी उलटा वळवायची. मी पुसायची, ती परत उलटा काढायची. शेवटी मी नाद सोडला. मग तिने दगडावर, गोठ्याच्या भिंतीवर, पाण्याच्या हौदावर, जिथे जागा मिळेल तिथे बुधी, बुधी, बुधी लिहून ठेवलं. माय रागावून म्हणायची, बैलांच्या पाठीवर तेवढं लिहायचं राहिलं. ती पोर खळखळून हसायची आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच बैलाच्या पाठीवर लिहायला निघायची.

त्या वर्षी जेठीला दिवस होते. श्रावणात आबांनी कोयते ठरवले तेव्हा तिचं पोट दिसत नव्हतं आणि तिने सांगितलंही नाही. यादीत गुलाब-जेठी असा कोयता चढला. उचल घेतली ती आईच्या औषधात आणि पावसाळ्यातल्या पोटपाण्यात संपली. दिवाळीला जेठीला आठवा लागला. आमच्याकडे बाया पोटुशा असताना ऊस तोडत नव्हत्या असं नाही, पण तिचे पाय सुजले होते आणि सुईण म्हणाली, ही डोक्यावर मोळी घेईल तर तिथेच बसेल. आता गुलाब अर्धा कोयता झाला, आणि उचललेले आगाऊ पैसे तर कामातूनच फिटणार होते. आबा दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. मग पाड्यावरच कोणीतरी तोड काढली, आणि ती कोणाची होती हे पुढे कोणीच कबूल केलं नाही. जेठीच्या जागी बुधी जाईल. नाव जेठीचंच राहील. कारखान्यावर कोण कोणाचं तोंड बघतं? मेव्हणीच आहे, परकी थोडीच आहे. बुधीला विचारायची गरज पडली नाही, ती आधीच उड्या मारत होती. तिला घाटाखालचा दिव्यांचा मुलूख बघायचा होता. "मी मोठी व्हयी गयी आते," असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

ही बाब एवढ्यावर राहिली असती तर माझ्या वाट्याला नुसतं दुःख आलं असतं. पण त्याच वर्षी गावाला नवीन ग्रामसेवक आले होते. शिंदखेड्याकडचे, तरुण, शर्टाचं वरचं बटण लावणारे. गाव त्यांना रिवाजाप्रमाणे भाऊसाहेब म्हणायचं. त्यांचा चुलता बाहेरगावी मजुरीला गेला तो परतच आला नव्हता, आणि शोधायला निघाले तेव्हा तो कोणाबरोबर, कुठे गेला हे घरात कोणालाच सांगता आलं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक लांबलचक वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि आबांना सांगितलं, ट्रकात बसणारा प्रत्येक माणूस ह्या वहीत आला पाहिजे. नाव, वय, गाव, कुठे चालला, कोणाबरोबर चालला, आणि शेवटी सही किंवा अंगठा. आबांना हे आवडलं नाही, पण नाहीही म्हणवेना. लिहायला हात हवा होता. भाऊसाहेबांना दुसऱ्या गावीही जायचं होतं, म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि एकच गोष्ट बजावली. यादीवरून उतरवू नको, ज्याचं नाव त्याच्या तोंडून ऐक, त्याच्याकडे बघ आणि मगच लिही. मी दहावी पास मुलगी, माझ्यावर सरकारचं काम सोपवलेलं! मी रात्री वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

जायच्या दिवशी माय पहाटेपासून चुलीपुढे होती. मोठ्या पातेल्यात उडदाची दाळ रटरटत होती आणि नागलीच्या भाकरींची चवड परातीत चढत होती. गाव सोडणाऱ्याने आमच्या घरचा घास खाऊन निघायचं, हा तिचा नेम. बाया कोंबड्या घेऊन येत होत्या, माय भाकरी थापता थापता हात पुसून चिंध्या बांधत होती. बुधीने तिची कबरी कोंबडी आणली आणि स्वतःच्या पिवळ्या पोलक्याची कड टरकावून चिंधी पुढे केली. "मनी कबरी सांभाळजो," एवढं मायला सांगून ती माझ्याकडे आली, कारण तिला लुगडं नेसवायचं होतं. जेठीचं हिरवं लुगडं. आमच्या मधल्या खोलीत मीच तिला ते नेसवलं. पोलकं दोन्ही बाजूंनी मुडपून माझ्या शाळेच्या पिना लावल्या, तिचे केस ओढून अंबाडा घातला, कपाळावर आडवं कुंकू भरलं. मला ती बाहुली सजवल्यासारखी मजा वाटत होती, हे मी लपवणार नाही. पदर डोक्यावर घेऊन ती दोनदा खोलीतून चालली आणि दोन्हीदा निऱ्यांत पाय अडकून पडली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. दारात जेठी भिंतीला टेकून उभी होती. ती हसत नव्हती.

दुपारी ट्रक आला. मी ओट्यावर पाट मांडून, वही मांडीवर घेऊन, शाईचा पॅड शेजारी ठेवून बसले होते. एकेक जोडी पुढे येई, नाव सांगे, मी तोंडाकडे बघे आणि लिही. सगळ्यांचे अंगठे. पॅडवर दाबायचा, वहीवर टेकवायचा, आणि मग ती निळी शाई धोतराला, लुगड्याला पुसायची. ऊन उतरत चाललं होतं, ट्रकवाला हॉर्न देत होता. गुलाब पुढे आला, त्याचं लिहिलं. मग त्याच्या मागून बुधी आली आणि मी थांबले. भाऊसाहेबांचे शब्द तेव्हा माझ्या कानात होते, हे मला आजही पक्कं आठवतं. आबा ओट्याखाली उभे होते. ते मान वर न करता म्हणाले, "जेठी लिखी टाक. कोयता मोडाले नको." मी लिहिलं. जेठी, वय बावीस, नवऱ्याचं नाव गुलाब. सुंदर, गोल अक्षरात लिहिलं.

मग शेवटचा रकाना आला. सही किंवा अंगठा. आणि बुधीने माझ्या हातातला पेन घेतला. तिचा चेहरा उजळला होता. सकाळपासून इतक्या माणसांनी अंगठे दिले होते आणि तिला तर लिहिता येत होतं. त्या ट्रकात बसणाऱ्या सगळ्या बायांत सही करू शकणारी ती एकटी होती, आणि हे तिला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. तिने जीभ दातांत धरली, वहीवर वाकली, पेनचं टोक कागदाला लागलं. तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. मी हळूच म्हणाले, वेडे, आज तू जेठी आहेस, जेठीला कुठे लिहिता येतं? तिच्या हातातून पेन काढून घेतला, तिचा अंगठा पॅडवर दाबला आणि वहीवर टेकवला. आबांनी मला तसं सांगितलं नव्हतं. ते मला माझ्याच हुशारीने सुचलं. बुधी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता, नुसती हिरमुसली होती. मग तिने निळा अंगठा जेठीच्या हिरव्या लुगड्याला पुसला आणि ट्रककडे गेली. चढताना परत निऱ्या अडकल्या, गुलाबने हात देऊन वर घेतलं. वहीत त्या रकान्यात अंगठ्याशेजारी निळ्या पेनचा एक ठिपका राहिला. तिने टेकवलेला.

ट्रक गेला आणि घर एकदम मोकळं, कोंबड्यांनी भरलेलं. दगडावर तिने काढलेलं 'बुधी' अर्धवट दिसत होतं. त्यावरून धारेचं पाणी वाहून गेलं होतं. हिवाळ्यात जेठी आमच्या पडवीत येऊन बसायची. महिन्याभरात तिला मुलगी झाली. मायने तिला डिंक घातलेली पेज दिली, बाळाला शेक दिला. कबरी खुडूक बसली आणि तिने नऊ पिल्लं काढली. जेठी ती पिल्लं मोजायची आणि म्हणायची, बुधी आली की नाचेल. माणसं नसलेल्या गावाचा एक आवाज असतो. पाड्यावरून वारा येतो तेव्हा ताट्या आपल्या आपण हलतात आणि आत कोणीतरी असल्यासारखं वाटतं. तो आवाज मला तेव्हा फक्त उदास वाटायचा, भीती वाटत नव्हती.

मोह गळायला लागला होता त्या दिवसांत, भर सकाळी, आबा आणि गुलाब एस.टी.तून उतरून घरी आले. होळीला अवकाश होता. गुलाबच्या हातात गाठोडं होतं. त्यातून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. जेठी बाळाला पाजत पडवीत बसली होती. तिने गाठोडं पाहिलं, मग त्यांच्यामागची रिकामी वाट पाहिली. आबा मायला आत घेऊन गेले. मी दारामागे उभी होते. उसाची ट्रॉली भरताना बुधी फळीवरून मोळी घेऊन चढत होती. लुगड्यात पाय अडकला. खाली पडली ती ट्रॉलीच्या लोखंडावर. दवाखान्यात नेलं तेव्हा जिवंत होती. तिथे नाव विचारलं. आबांनी यादीतलं नाव सांगितलं, कारण खरं नाव सांगितलं असतं तर वय सांगावं लागलं असतं, आणि वय सांगितलं असतं तर आबा आणि गुलाब तिथूनच चौकीत गेले असते. संध्याकाळी ती गेली. कागद झाला तो जेठी, वय बावीस, ह्या नावाने. तिला तिथेच नदीकाठी माती दिली. आबा म्हणाले, शेवटपर्यंत तिला सगळे जेठीबाई, जेठीबाई म्हणून हाका मारत होते आणि ती एकदाही ओ देत नव्हती. डॉक्टरला वाटलं ऐकू येत नाही.

मी नेसवलेलं लुगडं होतं. अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती रोजच नेसत असणार, सराव झाला असणार, माझ्या पिनांचा ह्यात काय संबंध? वयोमानाने माणूस पुष्कळ गोष्टींत स्वतःला माफ करतो. ह्या गोष्टीत मला जमलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो कागद टपालाने पंचायतीत आला आणि भाऊसाहेब वही घेऊन आमच्या ओट्यावर आले. आबांनी, गुलाबने, पाड्यावरच्या जाणत्यांनी आधीच बसून ठरवलं होतं. गेलेली काही परत येत नाही, मागच्यांना तरी वाचवा. भाऊसाहेबांनी वही उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "पोरी, अक्षर तुझं आहे. ट्रकात कोण बसलं होतं?" मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. माझ्या बापाला मी त्याआधी कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, जेठी. भाऊसाहेबांनी पडवीत बसलेल्या बाईकडे मान वळवली आणि विचारलं, मग ही कोण? जेठीने बाळ मांडीवर आडवं घेतलं होतं आणि दुधाने तिचं पोलकं भिजलं होतं. तिने पदर पुढे ओढला, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली,

"मी बुधी शे."

भाऊसाहेबांनी बाळाकडे पाहिलं, मग त्या भिजलेल्या पोलक्याकडे. त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, कळलं. त्यांनी वहीत त्या ओळीपुढे मयत असं लिहिलं, पेनचं टोपण लावलं आणि चहाही न घेता निघून गेले. पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली. ते गेल्यावर माय आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. हातातल्या सुपातला कोंडा कोंबड्यांना टाकत ती आबांना उद्देशून, पण त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "कोंबडीना पायले तरी आपन खरी चिंधी बांधतस." त्यानंतर ती कितीतरी दिवस आबांशी बोलली नाही. कबरीच्या पायातली पिवळी चिंधी तिने सोडली नाही, जेठीनेही मागितली नाही. ती कोंबडी आमच्या अंगणात म्हातारी होऊन मेली. आबांनी आणखी दोन हंगाम माणसं नेली आणि मग मुकादमी सोडली. धारेचा दगड मात्र त्यांनी त्याच वर्षी उचलून ओढ्यात टाकला.

पुढचं सगळं कागदावर घडलं, आणि कागदावर ते अगदी सरळ होतं. जेठी वारली. गुलाबने धाकट्या मेव्हणीशी, बुधीशी, संसार मांडला. आमच्याकडे बायको गेल्यावर तिची बहीण करतातच, कोणाची भुवई वर गेली नाही. रेशनकार्डावर बुधी आली, मतदारयादीत बुधी आली. मी धुळ्याला डी.एड. करून आमच्याच गावच्या शाळेत मास्तरीण झाले आणि एका जूनमध्ये जेठी आपल्या मुलीला, सुमनला, शाळेत घालायला घेऊन आली. दाखल्यावर आईचं नाव लिहायचं होतं. मागाहून केलेल्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव जेठी होतं, आणि जेठी मयत होती. मी लिहिलं, कैलासवासी जेठी. लेकराचा हात धरून तिची आई माझ्यापुढे उभी होती. पाड्यावरचे लोकही हळूहळू तिला बुधी म्हणायला लागले, सरकारी माणसासमोर चूक होऊ नये म्हणून आधी, आणि मग सवयीने. आबा वारले तेव्हा ती रडायला आली होती, आणि कोणीतरी अंगणातून हाक मारली, बुधी, पाणी आण. मी घरात होते. मला वाटलं, आता निऱ्या सावरत ती येईल.

मी आता निवृत्त आहे. दरवर्षी दिवाळीनंतर पिंपळनेरहून गावी जाते आणि पंचायतीच्या ओट्यावर वही घेऊन बसते. सरकारी वही वेगळी असते, ही माझी. आता ट्रकांऐवजी टेम्पो येतात, माणसं ऊसतोडीखेरीज वीटभट्टीवर जातात, द्राक्षांत जातात, मुकादम मोबाइलवरून कोयते ठरवतात. मी प्रत्येकाला समोर उभं करते. नाव मी विचारत नाही, त्याला सांगू देते. पोर लहान वाटली तर तिचे दात बघते, हात बघते, शाळेचं विचारते, आणि जाऊ देत नाही. मुकादम चिडतात, म्हणतात, म्हातारी गाडी अडवते. अडवते. एक जण म्हणाला होता, बाई, तुम्ही कोण लागता? त्याला मी सांगितलं, मी मुकादमाची मुलगी. मागच्या खेपेला अशा दोघी पोरी मी उतरवून घेतल्या. एकीने मला जाता जाता शिव्या दिल्या. मला त्या गोड लागल्या.

यंदा मी तशीच बसले होते आणि जेठी काठी टेकत आली. गुलाब जाऊन बरीच वर्षं झाली. निराधार म्हातारीचे पैसे तिला मिळायला हवे होते, पण कागदावर ती बुधी, आठ वर्षांनी लहान. म्हणून तिचं म्हातारपण सरकारदरबारी आठ वर्षं उशिरा सुरू झालं. आता सुरू झालं तर नवीनच अडचण. उभा जन्म पाचट आणि मोळ्या ओढून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या आहेत, अंगठा यंत्रावर उठत नाही. बँकेतल्या मुलाने सांगितलं, आजी, सही शिकून या. ती माझ्यासमोर पाटावर बसली, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माले सही शिकाड, मंदाबाई."

कागदावरचं ते नाव सोडून तिच्याकडे दुसरं नाव उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं, कोणाची?

"तिनी," जेठी म्हणाली. "जी तू तिले करू दिनी नही."

म्हणजे तिने पाहिलं होतं. त्या दुपारी ती दारातच उभी होती. मी धरलेलं मनगट, काढून घेतलेला पेन, सगळं. इतकी वर्षं ती माझ्या घरी आली, माझ्या हातचा चहा प्यायली, मुलीच्या लग्नाला मला मानाचं पातळ दिलं, आणि एका शब्दाने कधी बोलली नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडता आलं नाही. मला क्षमा कर असंही म्हणता आलं नाही, कारण तिने क्षमेचं काही विचारलं नव्हतं. तिला दोन अक्षरं हवी होती.

मी वहीचं कोरं पान काढलं, वर मोठ्या अक्षरांत बुधी लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिला. तिच्या मनगटाला हात लावला नाही. तिने जीभ दातांत धरली आणि पानावर वाकली. समोर टेम्पोवाला हॉर्न देत होता, माणसं थांबली होती, मी कोणालाच पुढे बोलावलं नाही. पुष्कळ वेळाने पहिलं अक्षर उमटलं. उकार उलटा वळला होता. मी तो पुसला नाही.